घरगुती जनरेटर : भाराचा हिशेब आणि शेजारधर्म

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे कर्जत व खालापूर या आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्यास दोन गोष्टींची तजवीज करावी लागते. एक बियाण्याची व दुसरी उजेडाची. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर झाडाची फांदी तारेवर पडते, डीपीत ठिणगी उडते आणि वाडीच्या वाडी अंधारात बुडते. पूर्वी अशा प्रसंगाकरिता काचा पुसलेले कंदील खुंटीस टांगलेले असत. आता कंदील अडगळीत गेले असून त्यांच्या जागी पेट्रोलवर चालणारे, दोघांनी उचलून नेण्याजोगे जनरेटर आले आहेत. ज्याने कोंबड्यांची शेड घातली आहे त्यास पिलांच्या उबेकरिता, ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत त्यास दूध टिकविण्याकरिता, आणि ज्याने शेतावर शहरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत त्यास पंख्यांकरिता हे यंत्र हवेसे वाटते, यात नवल नाही. आम्ही या यंत्राचे वैरी नाही. आमच्याही घरी ते आहे. परंतु ज्या बेहिशेबीपणाने ते वापरण्यात येते तो पाहून, आणि त्या बेहिशेबीपणाचा एक मोठा वाटा आमच्या स्वतःच्या पदरी असल्यामुळे, पावसाळ्यापूर्वी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जनरेटरची दोरी ओढणारा मनुष्य तेवढ्या घटकेपुरता एका लहानशा वीजघराचा अधिकारी होतो, आणि अधिकाऱ्यास दोन गोष्टींचा जाब द्यावा लागतो : घरात भार किती घातला याचा, आणि घराबाहेर वीज कोठवर गेली याचा. पहिल्या जाबात चुकल्यास स्वतःचे नुकसान होते. दुसऱ्यात चुकल्यास दुसऱ्याचा प्राण जातो.

वीज ही वस्तू आमच्या भागास नवी नाही. घाटमाथ्यावरील लोणावळे, वळवण व शिरवते येथील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली आणून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, व १९२२ साली भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. ही वीज मुंबईच्या गिरण्यांकरिता होती. तिच्या तारा आमच्या शेतांवरून गेल्या आणि तारांखालच्या घरांत रॉकेलच्या चिमण्या पुढेही पुष्कळ वर्षे जळत राहिल्या. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी मात्र राजनाल्याच्या वाटे आमच्या उन्हाळी भातास मिळाले, हा उपकार विसरता येत नाही. ही जुनी हकिकत सांगण्याचा हेतू गाऱ्हाणे मांडण्याचा नसून, त्या वीजघरांतील एका शिस्तीकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा आहे. यंत्रातून निघणारी वीज भातासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती खर्ची पडते. मुंबईत मागणी वाढली की खोपोलीचे चक्र मंदावू पाहते, आणि गती पूर्ववत राहावी म्हणून त्यावर अधिक पाणी सोडावे लागते. मागणी उतरली की पाणी आवरावे लागते. ही जमा व हा खर्च क्षणोक्षणी जुळविण्याकरिता तेथे शिकलेली माणसे रात्रंदिवस पहाऱ्यास असतात. आमच्या अंगणात मात्र तेच काम दोरी ओढून आपण आत जेवावयास निघून जातो.

आता आमच्या फजितीची हकिकत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले व रायगड जिल्हा ओलांडून पुण्याच्या अंगास गेले. आम्ही त्या वेळी महसूल खात्यात कारकून होतो. दिवसभर पडझडीचे पंचनामे लिहावयाचे व रात्री अंधाऱ्या घरात यावयाचे, असा क्रम चालला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही एका स्नेह्याचा ३ के.व्ही.ए.चा जनरेटर उसना आणला. दिवे लागले, पंखे फिरले, फ्रिज सुरू झाला. घरात दिवाळीचा आनंद झाला. तेवढ्यात टाकीत पाणी नसल्याची आठवण होऊन आमच्या चिरंजिवाने विहिरीवरील १ अश्वशक्तीच्या मोटरचे बटण दाबले. जनरेटर कण्हला, दिवे फडफडले, आणि मोटर न फिरता नुसती गुणगुणू लागली. आम्ही बटण बंद करून पुन्हा दाबले, आणि तिसऱ्यांदाही दाबले. चौथ्या खेपेस विहिरीवरून जळक्या लाखेसारखा वास आला. मोटर भरून घेण्यास जे पैसे पडले ते तर गेलेच, परंतु ऐन राबावर पाणी द्यावयाच्या दिवसांत आठ दिवस मोटर तालुक्याच्या गावी पडून राहिली. ज्या मनुष्याने तीस वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांच्या बेरजा तपासल्या, त्याने आपल्या घरच्या भाराची बेरीज एकदाही मांडली नव्हती.

ती बेरीज कशी मांडावी, हे आता सांगतो. यात चौथी इयत्ता उतरलेल्या मुलास न येण्यासारखे काहीही नाही.

प्रथम जमेची बाजू. जनरेटरच्या अंगावर एक पाटी असते. तिच्यावर पुष्कळदा दोन आकडे असतात. एक सतत चालविण्याचा व दुसरा कमाल. विकणारा दुसरा आकडा मोठ्याने सांगतो. आपण पहिलाच धरावा, कारण कमाल भार यंत्रास काही थोडी मिनिटेच सोसतो. आकडा के.व्ही.ए. मध्ये असेल व वॅटचा आकडा निराळा दिला नसेल, तर त्यास ०.८ ने गुणावे, ३ के.व्ही.ए.चे साधारणपणे २,४०० वॅट होतात. यातूनही पाचवा हिस्सा राखून ठेवावा. जो शेतकरी कणगीतला शेवटचा दाणा विकतो त्याची जी गत होते, तीच अखेरच्या वॅटपर्यंत यंत्र ताणणाऱ्याची होते. राहिले सुमारे १,९०० वॅट. ही आपली खरी जमा.

आता खर्चाची बाजू. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे म्हणजे ५४ वॅट. साधे तीन पंखे, प्रत्येकी ७५ प्रमाणे, २२५. दूरदर्शन संच १००. फ्रिज चालता असता सुमारे १५०. भ्रमणध्वनी भारित करण्यास २०. एकूण ५४९. येथवर संसार सुखाचा आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. परंतु हे काम मोटर बाहेर देते, आत ती त्याहून अधिक वीज घेते. लहान एक-फेजी पंपाचे हे घेणे ११०० वॅटच्या आसपास धरावे. बेरीज १,६४९ झाली. म्हणजे जमेच्या आतच आहे. मग आमची मोटर का जळाली?

याचे उत्तर असे की, मोटरचे दोन भार असतात; एक चालतानाचा व एक उठतानाचा. बसलेला बैल उठविण्यास जो जोर लागतो तो चालत्या बैलास लागत नाही. थांबलेली मोटर सुरू होतेवेळी एकदोन क्षण तिच्या नेहमीच्या मापाच्या चारपाच पट, कधी त्याहूनही जास्त, वीज ओढते. महावितरणच्या तारेवर हा ओढा समजून येत नाही, कारण तिच्यामागे अफाट साठा उभा असतो. ३ के.व्ही.ए.च्या यंत्रामागे कोणीच उभे नसते. ते दबते, विजेचा दाब, ज्यास आपण व्होल्टेज म्हणतो, तो कोसळतो, आणि दाब ३० टक्के उतरला की मोटरचा उठण्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. जोर नसल्यामुळे ती फिरत नाही; फिरत नसल्यामुळे उठतानाचाच भार ओढीत राहते; आणि त्या ओढीने तिचे वेटोळे तापून जळते. फ्रिजच्या पोटातही अशीच एक मोटर असते हे ध्यानात ठेवावे. तो दिसावयास १५० वॅटचा. परंतु उठतेवेळी तोही हजाराच्या घरात मागणी करू शकतो, आणि तो केव्हा उठेल हे आपल्या हाती नसते.

यावरून पुढील नियम आपोआप निघतात. १ अश्वशक्तीच्या पंपास अडीच ते तीन के.व्ही.ए.चा जनरेटर बहुधा एकट्यासाठीच लागतो, असे धरून चालावे. जनरेटर सुरू करताना त्यावर काहीही भार नसावा; दोनतीन मिनिटे तो मोकळा फिरू द्यावा. नंतर सर्वांत मोठी मोटर एकटी सुरू करावी, तिची गती बसली म्हणजे लहान मोटर, आणि शेवटी दिवे व पंखे. पंप चालावयाचा असेल तेवढा वेळ फ्रिजचे बटण बंद ठेवावे. दार न उघडल्यास तासा-दोन तासांत आतले दूध नासत नाही. मोटर एकदा उठली नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. आम्ही दाबले, त्याचे फळ वर सांगितलेच आहे. बंद करतानाही हाच क्रम उलटा करावा : आधी सर्व भार एकेक उतरावा, यंत्र काही क्षण मोकळे फिरू द्यावे, मग विझवावे. मोठा भार एकदम काढल्यास दाब क्षणभर उसळतो व त्या धक्क्याने दिवे व संच बिघडतात. बोर्डावर एक लहान व्होल्टमीटर बसवून घ्यावा. २३० हा त्याचा योग्य आकडा. तो २०७ च्या खाली उतरू लागला की यंत्र भार कमी करावयास सांगत आहे, असे समजावे.

उष्णता देणारी उपकरणे जनरेटरवर लावूच नयेत. पाणी तापविण्याची कॉइल १,००० ते १,५०० वॅट घेते, इस्त्री १,००० च्या सुमारास, इंडक्शनची शेगडी २,००० पर्यंत. ज्या घरी गॅसची शेगडी व चूल दोन्ही आहेत, त्या घरी पेट्रोल जाळून त्याची वीज व त्या विजेची पुन्हा उष्णता करणे हा उधळेपणा होय. कुक्कुटपालकांस मात्र पिलांच्या दिव्यांची सोय करणे भाग आहे. त्यांनी शेडमधील १०० वॅटचे दिवे मोजून, पंख्यांच्या मोटरी निराळ्या मांडून, मगच यंत्राचे माप ठरवावे; आणि शक्य तेथे उबेकरिता गॅसचा ब्रूडर ठेवावा, म्हणजे यंत्र बंद पडले तरी पिले गारठून मरणार नाहीत. विहिरीवरील ३ वा ५ अश्वशक्तीचा तीन-फेजी कृषिपंप तर या घरगुती यंत्राच्या वाटेसच लावू नये. शेळीस नांगरास जुंपल्याने शेत नांगरले जात नाही व शेळीही हातची जाते.

भाराइतकेच वायरीकडे लक्ष पुरविले पाहिजे, कारण पुष्कळदा यंत्र पुरेसे असूनही वायर घात करते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर लांब ओढली, तर जाणेयेणे धरून तिचा अडथळा सुमारे १.२ ओहम होतो. पंप चालता असता, ७ अँपिअरवर, त्यात आठनऊ व्होल्ट गळतात. ते चालून जाते. परंतु पंप उठतेवेळी ३० अँपिअर ओढतो तेव्हा ३६ व्होल्ट वाटेतच मरतात, व २३० चे १९४ होतात. तेच ४ चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास ही गळती चौदा व्होल्टांच्या आसपास राहते. जनरेटर घराजवळ व विहीर दूर असा प्रकार असल्यास दिव्यांची वायर पंपास जोडू नये. तसेच गुंडाळलेली वायर गुंडाळलेल्या स्थितीतच वापरू नये. आतले वेढे तापतात व त्यांवरील रबर वितळते. वायर पूर्ण उलगडावी, जोड उघडे ठेवू नयेत, आणि चिखलातून न नेता काठ्यांवर उचलून न्यावी. जनरेटरच्या सांगाड्याचे अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे स्विच जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. आमच्याकडे पावसाळ्यात जमीन, भिंत व मनुष्य ही तिन्ही ओली असतात, हे विसरून चालत नाही.

येथवर सांगितलेले नुकसान आपले आपणच भरावयाचे असते. आता दुसऱ्या जाबाकडे वळतो, कारण हा लेख मुख्यतः त्याचकरिता आहे.

आमच्या स्नेह्याने जनरेटरसोबत एक वायर दिली होती. तिच्या दोन्ही टोकांस पिना होत्या. एक टोक जनरेटरमध्ये व दुसरे घरातील कोणत्याही जाड पिनेच्या सॉकेटमध्ये खुपसले की सर्व घर उजळते, अशी ती युक्ती. अशी वायर आज आपल्या भागात कितीतरी घरी सापडेल. तिच्यात पहिला धोका उघडच आहे : एक टोक यंत्रात असता दुसरे निसटले, तर त्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट नाचत असतात, आणि घरात मुले असतात. परंतु दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. सॉकेटात घातलेली वीज फक्त दिव्यांकडेच जाते असे नाही; मेन स्विच चालू असेल तर ती मीटरमधून उलट खांबावर चढते.

आम्हांस हे ठाऊक होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही मेन स्विच आठवणीने पाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी वीज आली की काय हे पाहण्याकरिता तो वर केला, आणि संध्याकाळी पाडावयाचा राहून गेला. आमची वाडी लाईनच्या टोकास. मागची तार वादळात तुटलेली. आमच्या खांबावर आमचे घर व एका मुंबईकराचे कुलूपबंद शेतघर, एवढेच. त्यामुळे इतर कोणाच्या घरी दिवा लागून आमची चूक उघडकीस येण्याचा संभव नव्हता. अर्ध्या तासाने दारात वायरमन उभा राहिला. तीन रात्री न झोपलेला, कमरेपर्यंत चिखलाने भरलेला तो तरुण मनुष्य शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या घरची वीज माझ्या खांबावर येते आहे. तेवढी बंद करा, म्हणजे मी वर चढतो."

लाईन मागून बंद केलेली असतानाही त्याने तारेस हात लावण्यापूर्वी टेस्टर लावून पाहिला होता. हा त्याच्या शिस्तीचा गुण. आमच्या पुण्याईचा नव्हे. त्याने रागाचा एक शब्द उच्चारला नाही. तो रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते. ज्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषास आम्ही त्या रात्री मारले असते, त्या कुटुंबास कोणत्या तोंडाने सामोरे गेलो असतो, हा विचार पुढे कित्येक दिवस पंचनामे लिहिताना आमच्या मनात येत राहिला.

काही वाचक म्हणतील की, एवढ्याशा जनरेटरची वीज ती किती, ती खांबावर जाऊन काय करणार? ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. खांबावरून डीपीपर्यंत व पुढे सर्व वाडीपर्यंत लाईन अखंड असेल, तर सर्व घरांचा भार एकदम पडून लहान यंत्र गुदमरते व बंद पडते, हे खरे आहे. परंतु वादळानंतर लाईन अखंड नसते. जेथे तार तुटली आहे तेथवरच्या तुकड्यावर भार नसतो, यंत्र गुदमरत नाही, आणि पूर्ण २३० व्होल्ट तेथे दबा धरून बसतात. वायरमन चढतो तो नेमका त्याच तुकड्यावर. मनुष्याच्या छातीतून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय थांबू शकते. गळतीचे स्विच ३० मिलिअँपिअरवर तुटतात ते याकरिताच. याहून भयंकर गोष्ट डीपीची आहे. डीपी ११,००० व्होल्टांचे आपल्या वापराजोगे २३० करते; पण तिला सरळ व उलट असा भेद नाही. खालच्या अंगाने २३० घातले आणि वरची तार मागे तुटलेली वा उघडलेली असली, तर वरच्या अंगास हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. मैलभर अंतरावर, आपले घर न पाहिलेला मनुष्य, बंद समजून ती तार हाती घेतो. मागून गेलेली वीज परत यावी तसे आलेला तो मृत्यू कोणाच्या अंगणातून निघाला, याचा पत्ताही पुष्कळदा लागत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही मेन स्विच पाडावयास कधीच विसरत नाही. आम्हीही असेच म्हणत होतो. अंधार, पाऊस, रडणारे मूल व दिवसभराचा शीण यांमध्ये मनुष्याची आठवण हे काही कुलूप नव्हे. यास उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे : चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांडीची रचनाच अशी असते की, ती एक तर महावितरणकडे वळते, नाही तर जनरेटरकडे. दोहोंकडे एकाच वेळी वळणे तिला शक्य नसते. मग विसरलो तरी घात होत नाही. परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घेण्यास जो खर्च येतो, तो जळलेली मोटर भरून घेण्याच्या खर्चाहून फारसा अधिक नाही. ज्यास तोही झेपत नसेल त्याने घराच्या वायरिंगला जनरेटर जोडूच नये; जनरेटरपासून निराळी वायर ओढून तिच्यावर चार दिवे व दोन पंखे परस्पर चालवावेत. दोन पिनांची वायर मात्र आजच तोडून टाकावी. आम्ही आमची कोयत्याने तोडली.

जाता जाता धुराविषयी एक सूचना देणे अवश्य आहे. पेट्रोलच्या यंत्रातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखून गुंगी येते व मनुष्य झोपेतच जातो. अमेरिकेसारख्या संपन्न देशात याच कारणाने, घरगुती जनरेटरमुळे, दरवर्षी शंभराच्या आसपास माणसे दगावतात. ऑगस्ट २०२० मधील लॉरा वादळानंतर लुइझियाना प्रांतात अशी कित्येक माणसे घरात मरण पावली. वादळ निघून गेले होते, जनरेटर चालू होता. आमच्याकडे मुसळधार पावसामुळे यंत्र पडवीत वा ओटीवर ओढून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. घरापासून वीस फूट दूर, धुराचे तोंड दारे-खिडक्यांकडे न करता, चार खांबांवर पत्रा टाकून चारही बाजूंनी मोकळे असे छप्पर करावे व त्याखाली उंच ओट्यावर यंत्र ठेवावे. पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्र बंद करून पंधरा मिनिटे निवू द्यावे. कंदील जवळ घेऊन पेट्रोल भरणाऱ्यास उपदेश करण्यात अर्थ नाही.

कित्येकांचे म्हणणे असे पडेल की, ज्या भागाच्या डोक्यावरून शंभर वर्षांपूर्वी मुंबईस वीज गेली, त्या भागास अखंड वीज मिळाली तर जनरेटरची गरजच काय? हे म्हणणे रास्त आहे व त्याकरिता अर्ज-विनंत्या चालू राहिल्याच पाहिजेत. परंतु जी वीज वेळेवर येत नाही तिचा राग, ती परत आणण्याकरिता पावसात खांबावर चढणाऱ्या मनुष्यावर निघावा, हे कोणासही मान्य होणार नाही. दोन पिनांची वायर वापरणारा नकळत नेमके तेच करतो.

आपल्या संघाने या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची विनंती आहे. त्याकरिता तीन सूचना करितो.

(१) प्रत्येक सभासदाने आपल्या जनरेटरवर भाराची चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर यंत्राची जमा, पंप, फ्रिज, दिवे यांचा खर्च, व सुरू करण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे घरातील बायकामुलांसही त्याचा उपयोग होईल. संघाने या चिठ्ठ्यांचा नमुना छापून द्यावा.

(२) संघाच्या सभासदांत जनरेटर उसना देण्याघेण्याची जी रीत आहे ती चांगली आहे. ती मोडू नये. परंतु घेणाऱ्याच्या घरी चेंजओव्हर स्विच नसेल, तर यंत्राबरोबर निराळ्या वायरीचा बोर्ड द्यावा. दोन पिनांची वायर देऊ नये. जो ती देतो तो उपकार करीत नसून शेजाऱ्याच्या हाती पाप देतो. चैत्र-वैशाखात एखादा परवानाधारक वायरमन ठरवून गावोगाव एकदम स्विच बसवून घेतल्यास मजुरीही कमी पडेल.

(३) प्रत्येक गावच्या जनरेटरांची एक नोंदवही ठेवावी : घर, खांब, यंत्राचे माप, चेंजओव्हर आहे किंवा नाही. तिची एक प्रत त्या भागातील वायरमनला द्यावी. आमचे सारे आयुष्य नोंदींत गेले असल्यामुळे ही सूचना कोणास कारकुनी वाटेल. परंतु सातबाऱ्यावरील एक ओळ चुकली तर भावाभावांत वीस वर्षे दावा चालतो, हे जसे आपण जाणतो, तसेच या नोंदवहीतील एक ओळ बरोबर असली तर एक मनुष्य खांबावरून जिवंत खाली उतरेल, हेही जाणावे. आमच्या वाडीपुरती अशी वही आम्ही केली आहे. ज्यांस नमुना हवा असेल त्यांनी खुशाल येऊन पाहावी.

मृगास अद्याप अवकाश आहे. बियाणे निवडावयास बसाल त्याच दिवशी, घटकाभर वेळ काढून, आपल्या जनरेटरची पाटी वाचा, भाराची बेरीज मांडा, आणि घरात ती दोन पिनांची वायर असेल तर ती काढून टाका. तो वायरमन आजही आमच्या भागात आहे. पावसात लाईन गेली की तो येतो, टेस्टर लावतो, आणि वर चढण्यापूर्वी आमच्या दाराशी थांबून, काही न बोलता, आमच्या चेंजओव्हरच्या दांडीकडे पाहतो. त्यास ते पाहावे लागू नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने अवश्य पाहावे. आपणा सर्वांच्या घरी त्यास पाहून समाधान वाटावे, एवढीच इच्छा आहे.